फ्लटर ३.१९ वरून ३.२७: वॉर्निंग्ज निस्तरतानाच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५, सोमवार

ॲप दूध संकलनाचं, फ्लटर या गूगलच्या ॲप बांधायच्या साधनसंचात लिहिलेलं. केंद्रावर सकाळ-संध्याकाळ दूध घालायला येणाऱ्याचं लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) टाकायचं, दरपत्रकातून दर निघतो, ब्लूटूथ प्रिंटरवर पावती, दर दहा दिवसांनी बिल. प्रकल्प २०२१ चा. डार्टचा (फ्लटरच्या भाषेचा) कोड रोज बदलतो, पण अँड्रॉइडचं फोल्डर तेव्हापासून कुणी धडपणे उघडलेलं नाही. चालतंय ना, मग कशाला हात लावा, असा सगळा मामला.

सध्या फ्लटर ३.१९. जायचंय ३.२७ वर, जे गेल्या महिन्यात आलं. कारण साधं आहे: प्ले स्टोअर ऑगस्टअखेर टार्गेट लेव्हल (अँड्रॉइडच्या आवृत्तीचा अंतर्गत क्रमांक, ज्यासाठी ॲप तयार केलेलं हवं) वाढवतं. ३१ ऑगस्ट २०२४ ला ३४ झाली, यंदा ३५ होणार हे धरून चाललोय. ऑगस्टात घाईघाईने करण्यापेक्षा आत्ता.

हात लावण्याआधी जुन्या अवस्थेतले तीन लॉग फाइलमध्ये काढून ठेवले: ॲनलायझरचा (तो डार्टचा कोड न चालवता तपासतो), क्लीन केल्यानंतरच्या डीबग बिल्डचा (चाचणीसाठी बांधलेलं ॲप), आणि ठरलेली एक फेरी मारताना पडलेला लॉगकॅट, म्हणजे फोनचा स्वतःचा लॉग. फेरी म्हणजे लॉगिन, एक गाईची नोंद, एक म्हशीची, पावती, बिल, आणि प्रत्येक स्क्रीनवरून बॅक. अपडेटनंतर हीच फेरी मारून आधीचे आणि नंतरचे लॉग शेजारी ठेवायचे. नवीन काय आणि आधीपासूनच काय होतं, हे नंतर आठवून सांगता येत नाही.

७ जानेवारी, मंगळवार

अपडेट मारला. सोबत अँड्रॉइड स्टुडिओही (अँड्रॉइड ॲप बांधायचं गूगलचं साधन) लेडीबग या आवृत्तीवर नेला. पहिलाच बिल्ड पडला: क्लास फाइलची (जावाच्या कंपाइल केलेल्या कोडची) मेजर आवृत्ती ६५ चालत नाही.

६५ म्हणजे जावा २१. (१७ म्हणजे ६१, आणि ८ म्हणजे ५२, हे आकडे भिंतीवर चिकटवून ठेवावेत असे आहेत.) लेडीबगच्या पोटात जेडीके (जावाचा साधनसंच) २१ येतं, आणि फ्लटर काही वेगळं सांगितलेलं नसेल तर स्टुडिओचंच जेडीके उचलतो. आमचं ग्रेडल (बिल्ड चालवणारं साधन) ७.६.३, आणि २१ वर चालायला किमान ८.५ लागतं. म्हणजे हा दोष फ्लटर ३.२७ चा नव्हेच. दोन गोष्टी एकाच दिवशी बदलल्या की असं होतं. फ्लटर डॉक्टर (फ्लटरची स्वतःची तपासणी) सविस्तर चालवला की कुठलं जावा वापरलं जातंय त्याचा पूर्ण पाथ दिसतो, तिथे आधी बघायचं.

वाटा दोन. फ्लटरच्या कॉन्फिगमध्ये जेडीके १७ चा पाथ देऊन वेळ मारून न्यायची, किंवा ग्रेडल वर न्यायचं. टार्गेट ३५ करायचंच आहे, कंपाइल एसडीके ३५ ला अँड्रॉइड ग्रेडल प्लगइन (एजीपी) ८.६ किंवा पुढचा लागतो, तेव्हा दुसरी वाट. ग्रेडल ८.९, एजीपी ७.३ वरून ८.७, कोटलिन (अँड्रॉइडच्या बाजूची भाषा) १.७.१० वरून १.९ मालिकेत.

नुसतं ग्रेडल वाढवून एजीपी जुना ठेवला तर काय होतं तेही बघून घेतलं. जेलिंकची (जेडीकेमधल्या एका साधनाची) भलीमोठी एरर येते, जिच्यात आपल्या कोडचं नावगाव कुठेही नसतं. जेडीके २१ आणि ८.२.१ च्या आतला एजीपी यांचं जमत नाही, एवढाच तिचा अर्थ. तिघांना एकत्रच वर न्यावं लागतं.

८ जानेवारी, बुधवार

एजीपी ८ वर आल्यावर ब्लूटूथ प्रिंटरच्या प्लगइनने (ॲपला जोडलेल्या बाहेरच्या तयार कोडने) हात वर केले: नेमस्पेस (त्या कोडचं स्वतःचं वेगळं नाव) दिलेली नाही. एजीपी ८ पासून नेमस्पेस बिल्ड फाइलमध्येच हवी, मॅनिफेस्टमधला (अँड्रॉइडला माहिती सांगणाऱ्या फाइलमधला) पॅकेज ॲट्रिब्यूट त्यासाठी धरला जात नाही. या प्लगइनची नवी आवृत्ती बऱ्याच काळात निघालेली नाही. पावती हा तर आमचा जीव. पावती हातात पडल्याशिवाय केंद्रावरून कुणी हलत नाही.

शोधल्यावर सगळीकडे एकच तोडगा सापडतो. मुख्य बिल्ड फाइलमध्ये सबप्रोजेक्ट्सवर एक ब्लॉक लिहायचा, जो नेमस्पेस नसलेल्या प्रत्येक प्लगइनला परस्पर चिकटवतो. चालतो. पण तो ब्लॉक तिथे का आहे हे सहा महिन्यांनी कुणाला कळणार नाही, आणि उद्या आणखी एखादं मोडकं प्लगइन आलं तर तो त्यालाही गुपचूप झाकून टाकेल. म्हणून प्लगइनचा फोर्क (आमची स्वतंत्र प्रत) घेतला, नेमस्पेस लिहिली, मॅनिफेस्टमधला पॅकेज काढला (ठेवला तर वेगळी वॉर्निंग, की हा आता दुर्लक्षित आहे), आणि पबस्पेकमध्ये (ॲपला काय काय लागतं त्या यादीत) त्या प्रतीच्या ठरावीक कमिटकडे (नोंदवलेल्या बदलाकडे) बोट दाखवलं.

त्याच प्लगइनमध्ये पुढची अडचण: जावाचं टार्गेट १.८, कोटलिनचं २१, दोन्ही जुळत नाहीत म्हणून बिल्ड थांबला. कोटलिनचं टार्गेट तिथे कधी लिहिलेलंच नव्हतं, त्यामुळे ते चालू जेडीकेचं धरलं जात होतं. दोन्ही १७ केले.

संध्याकाळी डीबग बिल्ड पूर्ण. वॉर्निंग्ज कन्सोलभर.

९ जानेवारी, गुरुवार

आज कोडला हात न लावता नुसत्या वॉर्निंग्ज वाचल्या. टीममध्ये बोलणं चाललं होतं की "फ्लटर ओरडतोय". प्रत्यक्षात एकाच कन्सोलमध्ये चार-पाच जण बोलतात: ग्रेडल, जावाचा कंपायलर, डार्टचा ॲनलायझर, फ्लटरचं फ्रेमवर्क आणि फोनचं स्वतःचं अँड्रॉइड. कोण बोलतंय ते कळलं की अर्धं काम होतं. म्हणून प्रत्येक ओळीपुढे बोलणारा लिहिला, आणि पुढच्या रकान्यात "ही कधी एरर होणार".

जावा कंपायलर सगळ्यांत बडबड्या. सोर्स व्हॅल्यू ८ कालबाह्य, टार्गेट व्हॅल्यू ८ कालबाह्य, आणि या वॉर्निंग्ज बंद करायच्या असतील तर अमुक पर्याय द्या. या तीन ओळी प्रत्येक जुन्या प्लगइनमागे पुन्हा पुन्हा. जेडीके २१ ला जावा ८ साठी कंपाइल करायला सांगितलं की तो हे म्हणतोच. आमच्या मोड्यूलमध्ये १७ केलं, आमच्यापुरत्या गेल्या. बाकीच्या प्लगइनवाल्यांच्या आहेत. त्या दाबायच्या नाहीत असं ठरलं, कारण कंपायलरच्या पर्यायांबद्दलची खरी तक्रार आली तर तीही त्यांच्यासोबत दबेल.

एनडीकेची (सी/सी++ कोड बांधायच्या साधनसंचाची) वॉर्निंग वाचायला भयंकर. प्रकल्प एनडीके २६ वर, पण पुढील प्लगइन्सना २७.०.१२०७७९७३ हवं, आणि खाली निम्म्या प्लगइन्सची यादी. त्या यादीमुळे वाटतं की सगळ्या प्लगइन्सनी एकदम उठाव केला. तसं नाही. ज्या प्लगइनने स्वतः एनडीके लिहिलेलं नाही त्याला एजीपी आपलं डीफॉल्ट देतो, आणि ८.७ चं डीफॉल्ट २७ आहे. ॲपला मात्र फ्लटर स्वतःचं २६ देतो. एनडीके मागच्यांना सांभाळून घेतं, त्यामुळे मोठा आकडा ॲपच्या बिल्ड फाइलमध्ये लिहायचा. एक ओळ, आणि सगळी यादी गायब.

सगळ्यांत शांत आवाजातली वॉर्निंग बिल्डच्या अगदी सुरुवातीला दोनदा येते आणि वर सरकून जाते: तुम्ही फ्लटरचं ग्रेडल प्लगइन ॲप्लाय स्क्रिप्टने लावताय, ही पद्धत कालबाह्य आहे, पुढे काढून टाकली जाईल. आमच्या यादीत "कधी एरर होणार"च्या रकान्यात खरोखर काही लिहिता आलं ते हिच्यासमोरच. हिला पहिला नंबर.

१० जानेवारी, शुक्रवार

ॲप्लाय स्क्रिप्टवरून प्लगइन्स ब्लॉकवर, म्हणजे नव्या पद्धतीवर. फ्लटर ३.१६ पासून नवा प्रकल्प काढला तर तो याच पद्धतीने येतो, त्यामुळे सोपा उपाय: रिकामा नवा प्रकल्प काढायचा आणि त्याच्या तीन ग्रेडल फाइली आपल्या फाइलींच्या शेजारी ठेवून बदल करायचे. एजीपी आणि कोटलिनच्या आवृत्त्या आता सेटिंग्ज डॉट ग्रेडलमध्ये जातात. मुख्य फाइलीतला बिल्डस्क्रिप्टचा ब्लॉक पूर्ण उडतो. तिथे नोटिफिकेशनसाठीचं गूगल सर्व्हिसेसचं क्लासपाथ होतं, तेही सेटिंग्जमध्ये हलवावं लागलं. ब्लॉक उडवताना त्याच्यासोबत काय काय जातंय ते बघून उडवायचं.

दुपारपर्यंत संपलं. नव्याने येणाऱ्याला हे फोल्डर आता वाचता तरी येईल.

१३ जानेवारी, सोमवार

ॲनलायझर. कालबाह्य सदस्य (अजून चालतो, पण पुढे काढून टाकतील असा क्लास किंवा फंक्शन) वापरलाय अशा तीनशेच्या आसपास ओळी, पण मुळात प्रकार मोजकेच. मटेरियलस्टेटचं नाव बदलून विजेटस्टेट झालं, ते डार्ट फिक्स या आपोआप दुरुस्ती करणाऱ्या कमांडने निस्तरलं. आधी ड्राय-रन, मग अप्लाय, आणि त्याचा कमिट वेगळा, म्हणजे रिव्ह्यू करणाऱ्याला यंत्राने केलेलं आणि माणसाने केलेलं वेगळं दिसतं.

मोठा ढीग विथ-ओपॅसिटीचा (रंग फिकट, पारदर्शक करणारं फंक्शन). ३.२७ पासून त्याच्या जागी विथ-व्हॅल्यूज, अल्फा (रंग किती अपारदर्शक) नाव देऊन. हे फाइंड-रिप्लेसने होतं, पण कारण समजून घेतलेलं बरं. आधी रंगाचा प्रत्येक घटक ० ते २५५ मधला पूर्णांक होता. आता तो अपूर्णांकात साठवला जातो, कारण विस्तृत रंगपट्टा दाखवणाऱ्या स्क्रीनसाठी आठ बिट पुरत नाहीत. विथ-ओपॅसिटीला ०.५ दिलं की तो १२७.५ चा १२८ करतो, म्हणजे प्रत्यक्षात ०.५०२ च्या जवळपास. विथ-व्हॅल्यूज ०.५ म्हणजे ०.५ च ठेवतो. डोळ्याला काडीचा फरक दिसत नाही, पण तुलना केली तर दोन रंग समान ठरत नाहीत. आमच्या एका विजेट टेस्टमध्ये रद्द केलेल्या नोंदीचा फिकट रंग तपासला होता. अपेक्षित रंग हेक्समध्ये लिहिलेला, ८० अल्फाचा (हेक्स ८० म्हणजे १२८). रिप्लेस केल्याबरोबर टेस्ट लाल. टेस्टमधला रंगही विथ-व्हॅल्यूजनेच लिहिला. बदलायचं तर सगळीकडे, निम्मं-शिम्मं नको.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. अर्धाच दिवस, आणि त्यातला बराच आयओएसच्या पॉड्समध्ये (आयफोनच्या बाजूच्या लायब्ऱ्यांमध्ये) गेला. डिप्लॉयमेंट टार्गेट ९.०, चालतं ते १२.० पासून पुढे, अशी वॉर्निंग पॉडमागे एक. पॉडफाइलच्या पोस्ट-इन्स्टॉलमध्ये सगळ्यांना किमान १२ लावलं. आमचे आयफोनवाले मोजके, संघाच्या कार्यालयातले. पुढे.

१५ जानेवारी, बुधवार

आजचा दिवस बॅक बटणाला. या अपडेटमधली एकच वॉर्निंग अशी होती की तिच्यासाठी खरोखर बसून विचार करावा लागला.

लॉगकॅटमध्ये प्रत्येक बॅकला एक ओळ येते: ऑन-बॅक-इन्व्होक्ड-कॉलबॅक चालू नाही, मॅनिफेस्टमध्ये अमुक ट्रू करा. ही अँड्रॉइडची ओळ, अँड्रॉइड १३ आणि पुढच्या फोनवर दिसते. आणि ॲनलायझर म्हणतो की विलपॉपस्कोप (बॅक अडवणारं विजेट) कालबाह्य, पॉपस्कोप वापरा. एक ओळ फोनची, एक डार्टची, दोन्हींचं मूळ एक: अँड्रॉइडला बॅकचा इशारा पूर्ण होण्याआधीच मागची स्क्रीन डोकावून दाखवायची आहे. त्यासाठी "बॅक दाबलं तर जाऊ द्यायचं का" याचं उत्तर आधीच तयार हवं. विलपॉपस्कोप नेमकं उलटं करत होता, म्हणजे बॅक दाबल्यावर आम्ही विचार करणार, डायलॉग दाखवणार, आणि मग हो की नाही सांगणार.

नोंदीच्या स्क्रीनवर लिटर टाकलं असेल आणि जतन केलं नसेल तर आम्ही विचारतो, "नोंद जतन झालेली नाही. बाहेर पडायचं?" आता पॉपस्कोपमधला कॅनपॉप (जाऊ द्यायचं का) हा साधा बूल, म्हणजे ट्रू किंवा फॉल्स, आणि तो प्रत्येक फील्ड बदलताना अद्ययावत ठेवावा लागतो. फील्ड रिकामी तर ट्रू, काहीही टाकलं की फॉल्स. मग फॉल्स असताना बॅक दाबलं की कॉलबॅक येतो आणि तिथे डायलॉग.

इथे दोन खड्डे आहेत. बहुतेक उत्तरांमध्ये सापडणारा ऑन-पॉप-इन्व्होक्ड हा कॉलबॅक स्वतःच आता कालबाह्य आहे. विथ-रिझल्ट जोडलेला नवा घ्यायचा, नाहीतर एक वॉर्निंग घालवून दुसरी आणली असं होतं. दुसरा खड्डा जास्त खोल. डायलॉगमध्ये "हो" म्हटल्यावर आपण कोडमधून पॉप करतो (स्क्रीन बंद करतो), तेव्हा कॅनपॉप विचारला जात नाही, पण कॉलबॅक मात्र पुन्हा येतो, डिडपॉप (स्क्रीन बंद झाली का) ट्रू घेऊन. पहिल्याच ओळीत डिडपॉप तपासून परत फिरलं नाही तर डायलॉग पुन्हा उगवतो. आणि डायलॉगची वाट बघून झाल्यावर कॉन्टेक्स्ट वापरण्याआधी माउंटेड (स्क्रीन अजून आहे ना) तपासायचं. ते नसेल तर ॲनलायझर वेगळी ओळ काढतो, आणि ती बरोबरच असते.

मॅनिफेस्टमधला ट्रू सगळ्यात शेवटी केला. आधी केला असता तर मुख्य स्क्रीनवरचं "पुन्हा बॅक दाबा, ॲप बंद होईल" हे विचारलंच गेलं नसतं, कारण तिथे मागे जायला काही नसल्याने अँड्रॉइड ॲपला न विचारता सरळ बंद करतं. लॉगकॅटची ओळ सांगते "हे ट्रू करा". कशानंतर करा, ते सांगत नाही.

१६ जानेवारी, गुरुवार

दोन्ही लॉगकॅट शेजारी ठेवले. नवं काय आलं ते:

इम्पेलर (फ्लटरचं स्क्रीन रंगवणारं नवं इंजिन) वापरतोय, व्हल्कनवर (ग्राफिक्स चिपशी बोलायचा नवा मार्ग), अशी एक ओळ. ३.२७ पासून अँड्रॉइड १० आणि पुढच्या फोनवर इम्पेलर आपोआप चालू, व्हल्कन नसेल तर जुनं इंजिन स्किआ. केंद्रांवरचे जुने अँड्रॉइड ९ वाले फोन स्किआवरच राहतील. वॉर्निंग नाही, माहिती आहे.

ग्रॅलॉकच्या लाल एरर, अमुक फॉरमॅट ओळखीचा नाही. मालीचा ग्राफिक्स चिप असलेल्या टेस्ट फोनवरच. चित्र व्यवस्थित, पावतीचा प्रीव्ह्यू व्यवस्थित. फोनच्या ग्राफिक्स लायब्ररीचं स्वतःशी पुटपुटणं आहे. लाल रंग बघून धावायचं नाही.

कोरिओग्राफर, इतक्या फ्रेम गाळल्या, मेन थ्रेडवर फार काम आहे. ही जुन्या लॉगमध्येही होती, म्हणजे अपडेटचा संबंध नाही. डीबगमध्ये कोड जस्ट-इन-टाइम चालतो, तिथल्या वेगावरून काहीच ठरवू नये. प्रोफाइल मोडमध्ये (वेग मोजायच्या बिल्डवर) फेरी मारली. सगळं गुळगुळीत, फक्त दरपत्रक उघडताना झटका कायम. फॅट आणि एसएनएफचा पूर्ण तक्ता आपण मेन आयसोलेटवर (जिथे स्क्रीनचं कामही चालतं) वाचतोय. तिकीट वेगळं काढलं.

१७ जानेवारी, शुक्रवार

कन्सोल स्वच्छ. रिलीज बिल्ड काढून त्यावर पावती छापून बघितली, कारण एजीपी ८ पासून रिलीजमध्ये आर-८ चा (कोड आकसवणाऱ्या साधनाचा) फुल मोड आपोआप लागतो आणि रिफ्लेक्शन (चालताना नावावरून क्लास शोधणं) वापरणारा कोड तिथेच मरू शकतो. पावती आली. सांगली भागातल्या काही केंद्रांना टेस्टिंगला दिला.

२० जानेवारी, सोमवार

सकाळच्या संकलनाच्या वेळेलाच एका केंद्राच्या सचिवांचा फोन.

"अहो, ते प्रिंटचं बटण खाली गेलंय की. दाबायला जातोय तर होमच दाबलं जातंय. माणसं रांगेत हैत."

"काका, फोन नवा घेतला का?"

"पोराचा हाय. माझा चार्जिंगला लावलाय."

पोराच्या फोनवर अँड्रॉइड १५. आमचे टेस्ट फोन १४ आणि त्याखालचे. टार्गेट ३५ केलं की १५ वर ॲप काठापासून काठापर्यंत पसरतं, आणि फ्लटरनेही ३.२७ मध्ये तेच डीफॉल्ट केलं. फ्लटरची तयार बॉटम बार आपली जागा सांभाळते. आमची प्रिंटची पट्टी स्टॅकमध्ये तळाला शून्यावर चिकटवलेली; तीन बटणांचं नेव्हिगेशन तिच्यावर येऊन बसलं. पट्टी सेफएरियात (सिस्टीमच्या बटणांची जागा सोडणाऱ्या विजेटमध्ये) घातली, तशीच बांधलेली बिलाची पट्टीही. या पसरण्यातून सुटका देणारा एक ॲट्रिब्यूट स्टाइलमध्ये टाकता येतो, पण तो तात्पुरता आहे. टाकला नाही.

एवढ्या ढीगभर ओळींमध्ये याची एकही वॉर्निंग नव्हती. म्हणून दुपारी ३.२७ ची ब्रेकिंग चेंजेसची यादी ओळीने वाचली, ३.२२ आणि ३.२४ ची पण. ३.२७ च्याच यादीत दुसरं सापडलं: डीप लिंकचा (लिंक दाबली की थेट ॲपमधलं पान उघडण्याचा) फ्लॅग आता आपोआप चालू. आमची बिलाची लिंक व्हॉट्सॲपवरून येते आणि वेगळं प्लगइन ती उघडतं. ॲप मागे चालू ठेवून लिंक दाबली. बिल उघडलं, आणि "पान सापडलं नाही" ही स्क्रीनसुद्धा. एकाच लिंकवर फ्लटर आणि प्लगइन दोघेही धावले. आमच्या ठरलेल्या फेरीत लिंक नव्हतीच, आणि कुठल्या केंद्राने अजून कळवलंही नव्हतं. बिलं आज रात्री सुटणार होती. मॅनिफेस्टमध्ये फ्लटरचं डीप लिंकिंग फॉल्स, आयओएसच्या इन्फो फाइलमध्ये नो. संध्याकाळच्या संकलनाआधी नवा बिल्ड दिला.

२२ जानेवारी, बुधवार

सीआयमध्ये (प्रत्येक बदलावर आपोआप चालणाऱ्या तपासणीत) बदल: कालबाह्य सदस्याची नवी ओळ आली की बिल्ड लाल. आजवर ॲनलायझरची माहिती-पातळी आम्ही चालवून घेत होतो, त्यातूनच तीनशे साचल्या. ठरलेल्या फेरीत दोन पावलं वाढवली: व्हॉट्सॲपवरून लिंक, ॲप बंद असताना आणि मागे चालू असताना. अँड्रॉइड १५ चा टेस्ट फोन, तीन बटणांच्या नेव्हिगेशनवर ठेवलेला, मागवलाय. तोवर एम्युलेटर, म्हणजे संगणकावरचा नकली फोन.

प्रिंटरच्या प्लगइनमधली दुरुस्ती मूळ लेखकाकडे पुल रिक्वेस्ट म्हणून पाठवली. उत्तर येईपर्यंत फोर्कच.

दरपत्रकाचं तिकीट पुढच्या आठवड्यात.